खुर्ची, डोंगर आणि चौक

वेंगुर्ल्याचे बंदर १८१२ मध्ये तहाच्या कागदावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले. सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी बंदर सोडले आणि आपली लढाऊ गलबतेही देऊन टाकण्याचे कबूल केले. किनाऱ्यावर चाचेगिरी माजली होती, कंपनीच्या व्यापाराला तिचा फार त्रास होत होता, हे त्यामागचे उघड कारण. पण चाचेगिरी माजली ती राज्याला धनी उरला नव्हता म्हणून. १८०३ मध्ये खेम सावंत (तिसरे) निपुत्रिक वारले. वारसा कोणाचा यावर दोन वर्षे भांडण चालले. १८०५ मध्ये त्यांच्या राणी लक्ष्मीबाई यांनी रामचंद्र ऊर्फ भाऊसाहेब या मुलाला दत्तक घेऊन गादीवर बसवले. तीनएक वर्षांत त्या मुलाचा अंथरुणातच गळा दाबून खून झाला आणि गादीवर फोंड सावंत आले. वाडीच्या राजवाड्यात एका रात्री जे घडले, त्याची किंमत काही वर्षांनी वेंगुर्ल्याने चुकती केली.

याच बंदराच्या आसपास, सुमारे दीडशे वर्षांच्या काळात, सत्तेला हात घालणाऱ्या किंवा सत्तेशी हातघाईवर येणाऱ्या किती तरी घटना घडल्या. १७८७ मध्ये गोव्यात पाद्री आणि देशी लष्करी अधिकाऱ्यांचा कट उघडकीस आला. १८३५ मध्ये पणजीत लष्कराने कायदेशीर प्रशासकाला अठरा दिवसांत खाली खेचले. १८४४ मध्ये कोल्हापूर आणि सावंतवाडीच्या डोंगरी किल्ल्यांवर गडकरी उठले. १८५२ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत दीपाजी राणे आणि १८९५ मध्ये दादा राणे उभे राहिले. १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला हजारोंच्या साक्षीने मिठाचा कायदा मोडला गेला.

सरकारी दप्तरात आणि लोकांच्या बोलण्यात यांतल्या बहुतेक घटनांना एकच नाव मिळते: बंड. या प्रकरणात त्या एकमेकींपासून वेगळ्या करून पाहायच्या आहेत. तख्तपालट, उठाव, शिपायांचे बंड आणि दंगल या चार गोष्टी दिसायला सारख्या असतात, कारण चारही ठिकाणी गर्दी, शस्त्रे, आरडाओरडा आणि रक्त असू शकते. त्यांची कारणे मात्र वेगळी असतात, चाल वेगळी असते आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात.

चार प्रश्न

अशी घटना समोर आली की चार प्रश्न विचारावेत.

पहिला: करणारे कुठले? ते सत्तेच्या वाड्याच्या आतले आहेत, म्हणजे सेनापती, मंत्री, पहारेकरी, राजघराण्यातले नातलग. की बाहेरचे, म्हणजे शेतकरी, वतनदार, कारागीर, रस्त्यावरची माणसे?

दुसरा: निशाणा कोणता? राज्य चालवणारी खुर्ची, की एखादा कर, एखादा अधिकारी, एखाद्या सावकाराची पेढी, एखादी वस्ती?

तिसरा: हत्यार कोणते? राज्याचीच शस्त्रे, राज्याचाच खजिना, राज्याच्याच किल्ल्या. की स्वतः जमवलेल्या बंदुका आणि हाताला लागलेले दगड?

चौथा: उद्या सकाळी हुकूम कोणाच्या नावाने निघणार, याचे उत्तर करणाऱ्यांकडे तयार आहे का?

चारही उत्तरे 'आतले, खुर्ची, राज्याचीच शस्त्रे, होय' अशी आली तर ती घटना तख्तपालटाची आहे. करणारे बाहेरचे, पण सत्तेविरुद्ध शस्त्र घेऊन दीर्घकाळ टिकणारे असतील तर तो उठाव. सरकारी सैनिकांनीच हुकूम नाकारला, पण खुर्ची मागितली नाही, तर ते शिपायांचे बंड. आणि खुर्चीचा विचारच नसलेली, राग काढणारी हिंसक गर्दी असेल तर ती दंगल.

जोनाथन पॉवेल आणि क्लेटन थाइन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २०११ मध्ये केलेली तख्तपालटाची व्याख्या आज बरीच वापरली जाते. लष्कराने किंवा राज्ययंत्रणेतल्याच वजनदार माणसांनी, सत्तेवर असलेल्या प्रमुखाला हटवण्यासाठी केलेला बेकायदा आणि उघड प्रयत्न म्हणजे तख्तपालटाचा प्रयत्न. नवी सत्ता निदान सात दिवस टिकली तर प्रयत्न यशस्वी धरायचा. १९५० ते २०१० या काळात त्यांनी जगभरात असे ४५७ प्रयत्न मोजले. त्यांतले २२७ यशस्वी झाले, २३० फसले. म्हणजे राज्याच्या तोफा, बंदुका आणि चाव्या हाताशी असूनही निम्म्याहून अधिक प्रयत्न वाया गेले. हे का घडते, याचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडते.

शनिवारवाडा, १७७३

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पुण्याच्या शनिवारवाड्यात गारदी घुसले. ते परके नव्हते. पेशव्यांच्याच चाकरीतले पगारी शिपाई होते आणि त्यांचा पगार थकला होता. सुमेरसिंग, महंमद युसूफ, खरकसिंग ही त्यांच्या म्होरक्यांची नावे. पेशवे नारायणराव अठरा वर्षांचे होते. त्यांचे काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. नारायणराव जीव वाचवायला काकांकडेच धावले आणि तिथेच मारले गेले.

चार प्रश्न इथे लावून पाहू. करणारे आतले: काका आणि पगारी पहारेकरी. निशाणा पेशवाईची गादी. हत्यार पेशव्यांचेच शिपाई. उद्याचे नाव तयार: रघुनाथराव. पगाराची तक्रार खरी होती, पण या घटनेला आकार दिला तो गादीच्या हव्यासाने. म्हणून हे पगारासाठी झालेले शिपायांचे बंड ठरत नाही. तो तख्तपालट होता.

त्या दिवशी पुण्यात मोठी लढाई झाली नाही. पण पेशवा बदलला होता. साताऱ्याच्या छत्रपतींकडून रघुनाथरावांसाठी पेशवाईची वस्त्रेही आली. सात दिवसांच्या मोजपट्टीने पाहिले तर रघुनाथराव यशस्वी झाले.

तरीही त्यांचे राज्य वर्षभरही सुरळीत चालले नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाची चौकशी करून दोष थेट रघुनाथरावांवर ठेवला आणि त्याला देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असे तोंडावर सांगून ते पद सोडून गेले. रघुनाथराव मोहिमेवर असताना नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आणि इतर कारभाऱ्यांनी एकजूट केली. तिलाच बारभाईंचे कारस्थान म्हणतात. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना पुरंदरावर सुरक्षित नेऊन त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेचा तह केला. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उभे राहिले.

इथे वाचकाने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. बारभाईंनी केले तेही आतल्या माणसांनी, राज्याच्याच यंत्रणेच्या बळावर, गादीवरच्या माणसाला हटवणे होते. आपल्या चार प्रश्नांपुढे तेही तख्तपालटच ठरते. म्हणजे हे प्रश्न घटनेचा आकार सांगतात, पुण्य-पाप सांगत नाहीत. पुण्य-पापाचा निवाडा वेगळ्या पुराव्यावर करावा लागतो: खून कोणी केला, हक्काचा वारस कोण, सत्ता कोणाच्या हिताला वापरली. नाव आणि निवाडा यांची गल्लत झाली की माणसे आपल्या आवडत्या बाजूच्या कृत्याला उठाव म्हणतात आणि नावडत्या बाजूच्या त्याच कृत्याला दंगल.

पणजी, १८३५

पोर्तुगालमध्ये १८३४ साली उदारमतवादी पक्षाने यादवी युद्ध जिंकले. नव्या राजवटीने गोव्याचा प्रशासक म्हणून गोव्याच्याच माणसाला नेमले. नेवऱ्याला जन्मलेले बर्नार्दो पेरीस द सिल्वा हे पूर्वी पोर्तुगीज संसदेत गोव्याचे प्रतिनिधी म्हणून निवडून गेले होते. १४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी प्रीफेक्ट या पदाची सूत्रे घेतली. पोर्तुगीज अमलाच्या साडेचारशे वर्षांत गोव्याच्या कारभाराच्या शिखरावर बसलेला गोमंतकीय तो एवढाच.

कारभाराची जुनी घडी मोडून नवी बसवण्याचे हुकूम त्यांनी भराभर काढले. ज्यांची पदे आणि वर्चस्व यामुळे धोक्यात येणार होते, ते युरोपीय वंशाचे लष्करी अधिकारी आणि जुने सत्ताधारी अस्वस्थ झाले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी लष्कराने पेरीस द सिल्वांना पदावरून हटवले. त्यांना मुंबईला पाठवून देण्यात आले. त्यांचा कारभार अठरा दिवसांचा ठरला.

तख्तपालटाचा नमुना म्हणून ही घटना शनिवारवाड्यापेक्षाही स्पष्ट आहे. तिच्यात ना जनतेचा उठाव होता, ना करवाढीचा राग. सरकारनेच नेमलेल्या लष्कराने सरकारनेच नेमलेल्या प्रशासकाला उचलून बाजूला केले. पुढे जे झाले ते अशा घटनांत नेहमी होते: एकदा बंदुकीने खुर्ची रिकामी करता येते हे सिद्ध झाले की दुसराही बंदूक घेऊन येतो. पुढच्या काही महिन्यांत गोव्यात सत्तेची उलथापालथ चालूच राहिली. मे महिन्यात पणजीजवळच्या गास्पार दियश किल्ल्यात, म्हणजे आजच्या मिरामारच्या परिसरात, पेरीस द सिल्वांच्या बाजूच्या मानल्या गेलेल्या तुकडीची कत्तल झाली. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण सीमेला चिकटलेल्या तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत या संघर्षाची झळ पोहोचली.

मुंबईत पेरीस द सिल्वांनी व्यापारी रोजर द फारिया यांच्या मदतीने जहाजे जमवली आणि गोव्याकडे कूच केले. पण पावसाळा तोंडावर होता. वादळाने ती मोहीम मागे फिरवली. मे अखेरीस या किनाऱ्यावर गलबत हाकणे म्हणजे काय, हे वेंगुर्ल्याच्या कोणत्याही तांडेलाला विचारावे. पुढे पेरीस द सिल्वांनी दमणमध्ये आपले सरकार चालवले, पण गोव्याची खुर्ची त्यांना परत मिळाली नाही.

याच गोव्यात १७८७ साली फसलेल्या तख्तपालटाचेही उदाहरण आहे. कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कटात देशी पाद्री होते आणि देशी लष्करी अधिकारी होते. दोघांचे दुखणे एक होते: लायकी असूनही वरच्या जागा युरोपीयांनाच मिळत. लष्करातल्याच माणसांच्या बळावर पोर्तुगीज सत्ता उलथायची, असा बेत होता. तो आधीच फुटला. ४७ जणांना अटक झाली. पुढच्या वर्षी १५ जणांना क्रूरपणे मृत्युदंड देण्यात आला आणि अनेक पाद्र्यांना लिस्बनला कैदेत पाठवले गेले. त्या दिवशी रस्त्यावर एकही दगड पडला नव्हता. तरीही सत्तेने या घटनेला कोणत्याही दंगलीपेक्षा कठोर शिक्षा दिली, कारण धोका आतून होता.

डोंगरावरचे लोक

आता वेंगुर्ल्याकडून पूर्वेला, सह्याद्रीकडे वळू. १८४४ च्या पावसाळ्यात कोल्हापूर राज्यातल्या सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्याची राखण करायची आणि त्याबद्दल जमिनी उपभोगायच्या, हा त्यांचा बाणा. इंग्रजांनी कोल्हापूरच्या कारभारावर बसवलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या नव्या व्यवस्थेत या जमिनी आणि हक्क धोक्यात आले. सामानगड ऑक्टोबरमध्ये पडला, पण तोवर वणवा भुदरगडाकडे आणि सावंतवाडीच्या मुलखात पोहोचला होता.

वाडी संस्थानचा कारभार १८३८ पासून इंग्रजांनी आपल्या हाती घेतला होता. १८३९ मध्ये एकदा मुलूख उठला होताच. आता फोंड सावंत तांबुळकर आपल्या मुलांसह उठावात उतरले. मनोहर-मनसंतोष हे जोडकिल्ले उठावाचा आधार बनले. गादीचे वारस अण्णासाहेबही त्यांना मिळाले. इंग्रजांनी जेम्स औट्रमच्या हाताखाली फौजा पाठवल्या. १८४५ च्या सुरुवातीला किल्ले पडले आणि उठावकरी सीमा ओलांडून गोव्यात गेले.

ही घटना तख्तपालट का नाही? गादीचा वारस सोबत होता, म्हणजे चौथ्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी तयार होते. पण पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेगळे येते. वाडीत कारभार चालवणारी यंत्रणा इंग्रजांच्या हाती होती आणि उठणारे तिच्या बाहेर फेकले गेलेले लोक होते. त्यांचे बळ किल्ल्याची तटबंदी, रानाची वाट आणि गावागावांतून मिळणारे धान्य यांत होते. अशी लढाई एका रात्रीत संपत नाही. महिनोन्‌महिने चालते. तख्तपालटाला रात्र हवी असते, उठावाला रान.

सत्तरीच्या राण्यांचे उदाहरण याहून लांबचे. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला. जमिनीवरचे जुने हक्क आणि नवे कर ही मूळ तक्रार होती. तीन वर्षांहून अधिक काळ पोर्तुगीज सरकार त्यांना मोडू शकले नाही, आणि १८५५ मध्ये समझोता करावा लागला. दीपाजींना पणजीचा राजवाडा हवा नव्हता. सत्तरीत आपले हक्क हवे होते. म्हणूनच तिथे तडजोड शक्य झाली. खुर्चीच मागणाऱ्याशी तडजोड करणे फार अवघड असते, कारण खुर्ची अर्धी देता येत नाही.

१८९५ मध्ये मात्र दोन प्रकार एकमेकांत मिसळले. मोझांबिकमधल्या लढाईसाठी समुद्रापार जाण्याचा हुकूम पोर्तुगीजांच्या चाकरीतल्या मराठा शिपायांनी नाकारला. ते शस्त्रांसह सत्तरीकडे गेले आणि दादा राण्यांना मिळाले. शिपायांचे बंड आणि डोंगरातला उठाव एक झाले. पोर्तुगालहून राजाचा भाऊ दों आफोंसो याच्या नेतृत्वाखाली फौज आणावी लागली. पुढे दादा राण्यांना तिमोरला हद्दपार केले गेले. बंडाला हत्यारे आतून मिळाली, तरी पणजी ताब्यात घेऊन राज्य करण्याचा बेत त्यांनी आखलेला नव्हता. म्हणून तो उठावच राहिला.

मुंबईच्या नौसैनिकांचे बंड याच दृष्टीने पाहावे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या नौदल केंद्रातल्या खलाशांनी काम थांबवले. निकृष्ट जेवण, वंशभेदाची वागणूक, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका असे त्यांचे मुद्दे होते. बंड जहाजाजहाजांवर पसरले आणि २३ तारखेला शरणागती झाली. दरम्यान त्यांच्या पाठिंब्यासाठी मुंबईच्या रस्त्यांवर उसळलेल्या हिंसाचारात आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. तोफा हाती असूनही खलाशांनी सरकार बनवायला निघाल्याचे जाहीर केले नाही. एकाच आठवड्यात शिपायांचे बंड बंदरात होते आणि दंगल शहरात होती. दोन्ही वेगळे ओळखले तरच त्या आठवड्याचा अर्थ लागतो.

चौकातला राग

दंगलीला खुर्ची नको असते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि खतपत्रे. ती हाती आली की जाळायची, एवढाच हेतू. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. दंगल निंद्य असली तरी ती नेहमीच निरर्थक नसते. तिच्या मागे काय साठले होते, हे शोधणे सरकारचे कर्तव्य असते. मात्र जी दंगल धर्म किंवा जात पाहून शेजाऱ्याचे घर जाळते, तिला तक्रारीचे वस्त्र चढवू नये. ती निव्वळ गुन्हा आहे, आणि बहुतेक वेळा तिच्यामागे गर्दी जमवणारे हात असतात.

आणि प्रत्येक कायदेभंग या यादीत बसत नाही, हेही शिरोड्याने दाखवले. मे १९३० मध्ये तिथल्या मिठागरांवर सत्याग्रही गेले. गर्दी होती, कायदा उघडपणे मोडला जात होता, सरकारला आव्हान होते. पण हाती शस्त्र नव्हते आणि शिक्षेपासून पळण्याचा विचारही नव्हता. त्यांना दंगलखोर म्हणणे सरकारच्या सोयीचे होते, सत्याचे नव्हते.

हुकूम कोण पाळतो?

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. राज्याची शस्त्रे हाती असूनही निम्मे तख्तपालट का फसतात?

तख्तपालट करणाऱ्यांची संख्या नेहमीच थोडी असते. इतरांना, म्हणजे उरलेल्या लष्कराला, पोलिसांना, खजिनदाराला, तारयंत्रावरच्या माणसाला, 'झाले ते झाले, आता यांचेच ऐकावे लागणार' असे पटवणे हे त्यांचे खरे काम. म्हणून ते आधी आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी केंद्रे गाठतात. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी स्पेनमध्ये लेफ्टनंट कर्नल तेहेरो यांनी सशस्त्र शिपायांसह संसदेत घुसून खासदारांना ओलीस धरले. वालेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले. मध्यरात्र उलटल्यावर राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवर आले आणि राज्यघटनेच्या बाजूने उभे राहिले. बाकीच्या सेनाधिकाऱ्यांना कोणाचे ऐकायचे ते कळले. दुसऱ्या दिवशी तेहेरो शरण आले. १५ जुलै २०१६ च्या रात्री तुर्कस्तानात बंडखोरांनी सरकारी वाहिनीवर निवेदन वाचून घेतले, पण राष्ट्राध्यक्ष एर्दोगान मोबाइल फोनवरून दुसऱ्या वाहिनीवर जिवंत दिसले, लोक रस्त्यावर आले आणि सकाळपर्यंत प्रयत्न कोसळला.

नाना फडणवीसांनी पुरंदरावर हेच केले होते. शस्त्रांच्या लढाईआधी त्यांनी कारभार, खजिना आणि शिक्के कोणाच्या नावाने चालणार हे ठरवले. तख्तपालट बंदुकीने सुरू होतो, पण तो टिकतो किंवा मोडतो तो कचेरीत बसलेल्या माणसाच्या होकारावर किंवा नकारावर.

खुर्चीवर बसलेल्याचाच तख्तपालट

कधी कधी हा घाला खुर्चीवर बसलेला माणूसच घालतो. निवडून आलेला प्रमुख संसद बंद करतो, न्यायालय गुंडाळतो, मुदत संपली तरी उतरत नाही. पेरूमध्ये ५ एप्रिल १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी लष्कराच्या मदतीने संसद बरखास्त केली. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून यांनी लष्करी कायदा पुकारला. खासदार संसदेत पोहोचले, काही तासांतच १९० विरुद्ध ० मतांनी त्यांनी तो रद्द करायला लावला, आणि एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाने यून यांना पदच्युत केले.

६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये जमाव संसदभवनात घुसला, तेव्हा दंगल, उठाव की तख्तपालट, हा वाद जगभर झाला. गोंधळाचे कारण असे की त्या दिवशी चौक आणि खुर्ची एकत्र आली होती. जमावातल्या अनेकांनी केली ती दंगल. काही संघटित गटांच्या म्होरक्यांना न्यायालयाने राजद्रोही कटासाठी दोषी धरले. आणि निवडणूक हरलेले राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी निकाल फिरवण्यासाठी आधीचे दोन महिने केलेले प्रयत्न हा तिसराच पदर होता. इलिनॉय विद्यापीठाच्या क्लाइन केंद्राने या घटनेची नोंद तख्तपालटाचा प्रयत्न अशी केली. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सत्तेवर येताच ट्रम्प यांनी या प्रकरणातल्या सुमारे १५०० जणांना माफी दिली. चार प्रश्न संपूर्ण घटनेला एकदाच न विचारता तिच्यातल्या प्रत्येक गटाला वेगळे विचारले, तर हा वाद बराच सुटतो.

घटना रूप बदलते, हेही ध्यानात ठेवावे. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये तरुण सेनाधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथली, तो तख्तपालटच होता. पण हजारो लोक रस्त्यावर आले, सत्तेचा पायाच बदलला आणि पुढे निवडणुका झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला.

नाव नीट का द्यावे

भारतीय न्याय संहितेत दंगलीसाठी निदान पाच जणांचा बेकायदा जमाव लागतो आणि साध्या दंगलीची शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. या दोन शिक्षांमधले अंतर पाहिले की नावाची किंमत कळते. मोर्चात दगड मारणाऱ्या मुलावर राज्य उलथल्याचा आरोप ठेवला तर त्याचे आयुष्य संपते. उलट खुर्ची बळकावणाऱ्यांच्या कृत्याला 'गोंधळ' म्हणून सोडून दिले तर राज्यघटना संपते.

आपला देश हा धडा एकदा शिकला आहे. १९७५ ची आणीबाणी 'अंतर्गत अशांतता' या सैल शब्दांवर पुकारली गेली. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मधून ते शब्द काढले आणि 'सशस्त्र उठाव' हे शब्द घातले. दंगा किंवा आंदोलन दाखवून पुन्हा कोणी देश कुलूपबंद करू नये, हा तिचा उद्देश.

दंगलीनंतर पोलीस आणि न्यायालय लागते. उठावानंतर तक्रार ऐकणारे कान आणि तडजोडीची तयारी लागते. सत्तरीत पोर्तुगीजांनाही ती दाखवावी लागली. तख्तपालटापुढे मात्र एकच उपाय चालतो: बेकायदा हुकूम पाळायला नकार. तो नकार सेनापतीपासून तलाठ्यापर्यंत, वृत्तनिवेदकापासून मतमोजणीच्या टेबलावरच्या कारकुनापर्यंत कोणालाही द्यावा लागू शकतो. रामशास्त्र्यांकडे फौज नव्हती, तरी त्यांनी तो दिला. आपण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कचेरीत, शाळेत, पंचायतीत बसलेलो असतो. कोणाचा हुकूम कायद्याने बांधील आहे आणि कोणाचा नाही, हे शांततेच्या काळातच शिकून ठेवा आणि मुलांनाही शिकवा.